किरीवच्या हातची मसक

मी गोझेच्या घरची मसक बोलतेय, ताक घुसळायची. माझा चटकन कुणावर विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर जन्मभर ताकातच वाढले.

इराकमधल्या शिंगालच्या डोंगराखाली, यझिदी धर्माच्या लोकांच्या गावात माझा जन्म झाला. गोझेनं शेळीचं अख्खं कातडं डाळिंबाच्या सालीत भिजवून मला घडवलं आणि तीन काठ्यांच्या घोडीवर टांगलं. शेजारच्या वस्तीतले अरब आमच्याकडचं लोणी-ताक विटाळाचं मानत. आमच्या उंबऱ्यावर बसून दोन-दोन पेले रिचवायचा तो त्यांच्यातला एकटा मुतलक.

तो या घरचा किरीव. गोझेच्या मुलाची, दखीलची सुंता त्याच्याच मांडीवर झाली. आमच्याकडे असं रक्त ज्याच्या मांडीवर सांडतं, तो परधर्माचा असला तरी सख्ख्याहून सख्खा होतो. मला मात्र त्याचं गोड बोलणं जरा जास्तच गोड वाटायचं.

मग यझिदींना संपवायला काळ्या झेंड्यांची माणसं आली. गोझे सुनेला आणि नातीला घेऊन डोंगराकडे पळाली. दखील अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आजीला आणायला मागे राहिला आणि पुन्हा दिसला नाही. आजी घरातच मेलेली सापडली.

दुसऱ्या दिवशी मुतलकनं मला घोडीवरून काढून नेलं. त्याच्या बायकोनं मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. तो मात्र दार लावून मला चरबी चोळायचा, म्हणून मी तडकले नाही. ती माया होती की उद्याच्या जाबाची भीती, हे इतकी वर्षं त्याच्या घरात राहूनही मला कळलं नाही.

लढाई संपल्यावर गोझे छावणीतून गावी परतली. लढाईत पळालेल्या मुतलकच्या कुटुंबाला मात्र, काळ्या झेंड्यांना साथ दिल्याच्या संशयावरून, परतायला बंदी होती. गोझेनं पंचांसमोर ‘हा निर्दोष’ म्हटलं, तरच त्याला वाट मोकळी होणार होती. मग परदेशी पैशांवर चालणारी सलोखा समिती आली. काळे झेंडे परत येऊ नयेत म्हणून तिनं वेशीवर पहारा बसवला, तंबू ठोकला, खुर्च्या मांडल्या आणि ताक शहरातून बाटल्यांत आणलं, म्हणजे कुणाला कुणाच्या हातचं प्यायला नको. मला हसूच आलं.

मुतलक मला पोत्यात घालून घेऊन आला होता. पोतं खुर्चीमागे सरकवून तो मान खाली घालून बसला. गोझेनं पोत्याबाहेर डोकावणारी माझी गाठ ओळखली. आजवर ती त्याला अहो-जाहो करायची.

“किरीव, ताकाला आलास, मग भांडं कशाला लपवतोस?”

त्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं माझं पोट चाचपलं. ते मऊ होतं.

“ते काळ्या झेंड्यांचे येणार, हे तुला माहीत होतं?”

समितीच्या बाई मध्ये पडल्या, “आज जुनं नको उकरायला, आजी.” गोझेनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“दुपारीच कळलं होतं,” मुतलक म्हणाला. “फोन हातात होता. माझी पोरं समोर होती. नाही केला.”

गोझेनं माझी गाठ घट्ट आवळली आणि ती पंचांना म्हणाली, “येऊ द्या याला.”

बाईंचा चेहरा उजळला. “म्हणजे माफ केलंत?”

“छे. लांब असला तर नुसता संशय खातो. समोर असला तर नजर तरी राहील.” मग ती त्याच्याकडे वळली. “रोज सकाळी माझ्या दारात यायचं. दखीलबद्दल काय आठवलं, ते सांगायचं.”

आता तो रोज येतो. गोझे मला झुलवत ऐकते आणि तो ताक पिताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघते. मीही बघते. कधी तो नुसता रडतो, आणि मला ते रडणंही खरं वाटत नाही.

आज मात्र पेला हातात धरून तो म्हणाला, “त्या दिवशी दखील माझ्या दाराशी आला होता.”

गोझेचा हात थांबला. “उघडलंस?”

उत्तराऐवजी त्यानं पेला तोंडाला लावला. तिनं तो काढून घेतला आणि ती म्हणाली, “उद्या ये. राहिलेलं उद्या सांग.”

दूरदेशीच्या भल्या माणसांनो, तुमच्या तंबूंचं आणि खुर्च्यांचं काय करायचं ते करा. वेशीवरचा पहारा तेवढा उठवू नका. या माणसाला अजून एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय, आणि ते ऐकायला गोझे जिवंत राहिली पाहिजे.