दुसरी आत्या

न्यानताई उत्तरेतल्या हायफाँगहून सकाळच्या गाडीने सायगावला उतरल्या आणि स्टेशनपासून चालत निघाल्या. देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा दक्षिणेत आलेला त्यांचा धाकटा भाऊ ख्वात शेवटच्या घटका मोजत होता. आलेल्या निरोपात पत्ता एवढाच: बा च्येऊ बाजारामागची गल्ली.

माझी त्यांची गाठ दुपारी पडली. माझ्या पायरीवर चपला काढून बसल्या होत्या. मी गार चहा दिला. त्या म्हणाल्या, भावाचं नाव सांगितलं तर लोक विचारतात, कितवा? म्हणून सकाळपासून पायपीट करून या भागातले सगळे ‘दुसरे’ पाहिले. एक न्हावी निघाला, एक बदकं विकणारा. एका विधुर दुसऱ्याने तर विचारलं, भाऊ नाही सापडला तर मी चालेन का?

पण दुसराच का शोधता, मी विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही दोघंच भावंडं. मी पहिली, तो दुसरा.

वर्गात नव्या मुलाला सांगावं तसं मी हळूहळू सांगितलं. आमच्या दक्षिणेत पहिल्या मुलाला पहिलं म्हणत नाहीत. त्याला नजर लागू नये म्हणून मोजणी दोनापासून. थोरली ती दुसरी, पाठचा तो तिसरा. खरं नाव गल्लीत कोणी घेत नाही. मला सगळे चौथे मास्तर म्हणतात आणि मी आईचं तिसरं मूल.

“म्हणजे ख्वात इथे तिसरा?”

“हो. काय काम करायचा?”

“घड्याळं दुरुस्त करायचा.”

तिसरे घड्याळवाले. त्यांना सगळा बाजार ओळखत होता.

ताईंनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, “सकाळी बाजारामागच्या गल्लीच्या तोंडाशी एक मुलगी उभी होती. माझा हात धरून म्हणाली, तुम्ही दुसरी आत्या ना? मी म्हटलं, नाही गं, मी पहिली. दुसरे कुठे राहतात ते सांग. तिने हात सोडला आणि पलीकडच्या गल्लीकडे बोट दाखवलं.”

त्या तशाच अनवाणी उठल्या. बाजारातून जाताना भाजीवाल्या पाट्या ओढून वाट करून देत होत्या. मी मागून सांगत होतो, ताई, जरा सावकाश. खरं म्हणजे मलाच पोचायचं नव्हतं. शाळेत चूक कळली की मुलं खोडून पुन्हा लिहितात; सकाळची चूक खोडता येणार नव्हती.

दारात शेजाऱ्यांनी स्टुलं मांडली होती. आत कोणीतरी डोक्याला बांधायच्या सुतकी पट्ट्यांसाठी पांढरं कापड फाडत होतं. तिसरे तासाभरापूर्वीच गेले होते.

सकाळी ताईंना भेटलेली मुलगी तिसऱ्यांचीच होती. मी तिला ताई कोण ते सांगितलं. 

“बाबा सारखे विचारत होते, दुसरी आली का,” ती म्हणाली. “मी सांगितलं, एक बाई आल्या होत्या, पण त्या आपल्या नव्हेत. मग त्यांनी विचारायचंच सोडलं.”

ताई भावाच्या उशाशी बसल्या. त्यांच्या टाचांतून रक्त येत होतं. मुलीने पाणी आणलं आणि त्यांचे पाय धुवायला घेतले. ताईंनी पाय आखडून घेतले.