शंभर टक्क्यांचा फलक

चौगुले गुरुजींच्या शाळेला कुंपणाची भिंत एकाच बाजूला होती, पण त्या भिंतीवरचं वाचायला लोक मोटरसायकल थांबवत. निळ्या रंगात, गुरुजींच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'प्रज्ञांकुर प्रवेश परीक्षा. निकाल १००%.' गाव कोगनोळीच्या नाक्यापासून आत चार किलोमीटरवर. नाव मुद्दाम घेत नाही, कारण गुरुजी अजून तिथंच आहेत आणि त्यांचा स्वभाव तापट आहे.

प्रज्ञांकुर म्हणजे बेळगावातली एका ट्रस्टची निवासी शाळा. चौथीतली हुशार मुलं निवडायची आणि दहावीपर्यंत त्यांचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट करायचं, असा तिचा रिवाज. जागा तीस. अर्ज मात्र खानापुरापासून निपाणीपर्यंत नऊशेच्या वर. म्हणजे शंभर पोरांनी दार वाजवलं तर तिघांना आत घेणार. टाय लावणाऱ्या इंग्रजी शाळा चाळीस-चाळीस पोरं बसवायच्या आणि एखादं लागलं की पेढे वाटायच्या. आणि या दोन खोल्यांच्या सरकारी मराठी शाळेचा निकाल मात्र सहा वर्षं शंभर टक्के. लोकांना नवल वाटलं तर त्यात लोकांची चूक नाही.

यातली गोम अशी, की शाळेतून दर वर्षी एकच मूल परीक्षेला बसायचं. भिंतीवर टक्के होते, आकडे नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आप्पाण्णा चौगुले लबाड माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. सहा वर्षांपूर्वी शाळेचा पट सतरावर आला होता आणि ही शाळा शेजारच्या गावच्या शाळेत का मिसळू नये, अशी विचारणा करणारा कागद वरून आला होता. त्याच वर्षी ब्राह्मी नावाची एक मुलगी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, प्रज्ञांकुरला लागली. गुरुजींनी भिंत रंगवली. जूनमध्ये अकरा पोरं इंग्रजी शाळेची पिवळी बस सोडून इकडं आली. यंदा पट अठ्ठावन्न होता. शाळा त्या निळ्या रंगानं जगवली होती, आणि गुरुजी त्या रंगाला जपत होते.

एक पोर निवडायची त्यांची पद्धत ठरलेली होती. दिवाळीआधी चौथीच्या वर्गाची चाचणी, वीस गणितं. तिला गुरुजींचा एकच नियम, त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत न बदललेला : रीत नाही, गुण नाही. उत्तर बरोबर असो की चूक, ते कसं आलं याच्या पायऱ्या एकाखाली एक हव्यात. खरं तर प्रज्ञांकुरच्या परीक्षेत रीत लिहायला जागाच नसते, चार उत्तरांतला एक गोल काळा करायचा असतो. गुरुजींना ते ठाऊक होतं. पण रीत पक्की असली की गोल कुठं जातोय, असं त्यांचं म्हणणं, आणि सहा वर्षं ते खरंही ठरलं होतं.

यंदा वर्गात नऊ मुलं. पहिला आला सौरव, नेहमीसारखी स्वच्छ वही, खाली दुहेरी रेघ. शेवटची आली निशा. तिनं वीसच्या वीस गणितांपुढं नुसती उत्तरं लिहिली होती, दुसरं अक्षर नाही. ती बसली होती सौरवच्या शेजारी. गुरुजींनी काय समजायचं ते समजून घेतलं, पोरीला बोलले नाहीत, आणि कागदावर भोपळा दिला.

चार दिवसांनी निशाची आई मालुबाई शाळेत आली. ती विड्या वळायची, निपाणीकडच्या एका कारखान्यासाठी, घरी बसून. तिच्या हातात प्रज्ञांकुरचा अर्ज होता. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका प्रणिताबाई यांनी तो भरून दिला होता आणि त्यावर फक्त मुख्याध्यापकांची सही नि शिक्का हवा होता. शनिवारी मुदत संपत होती.

गुरुजींनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. मग त्यांनी समजुतीच्या सुरात सगळं सांगितलं. नऊशे अर्ज, तीस जागा, शंभरात तीन. शहरातली पोरं क्लास लावून येतात. निशा गुणाची पोर आहे, पण उगाच बसवून तिचं मन कशाला मोडायचं? शाळा दर वर्षी एकालाच पाठवते, आणि यंदा सौरव ठरला आहे. मालुबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिला पुढच्या वर्षाचं विचारायचं होतं, ते तिनं विचारलं. पुढच्या वर्षी निशा पाचवीत जाणार होती आणि परीक्षा फक्त चौथीची होती.

"गुरुजी, एक बोलू?" ती म्हणाली. "आमच्या कारखान्यात चेकर हाय. हजार विड्या दिल्या की शंभर-दीडशे छाट काढतोय. लई शिव्या देतोय आमी त्याला. पण त्यो हातात घेऊन बघतोय, मग टाकतोय. तुमी तर माझी पोर न बघताच टाकलीसा."

ती अर्ज टेबलावर ठेवून गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तिच्या स्वभावात नव्हतं.

गुरुजींना राग आला. विड्या आणि पोरं एक का, असं ते प्रणिताबाईंना दोनदा म्हणाले. प्रणिताबाई कन्नडचे पेपर तपासत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. शाळा सुटल्यावर मात्र गुरुजींनी कपाट उघडलं आणि निशाचा कागद काढला. आपण बघितलं होतं हे स्वतःला पटवायचं होतं, एवढंच.

वीसपैकी अठरा उत्तरं बरोबर होती. सौरवची सोळा. ज्या चार ठिकाणी सौरव चुकला होता तिथं निशा बरोबर होती, म्हणजे बघून लिहिण्याचा प्रश्नच मिटला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तिला बोलावलं आणि एक गणित घातलं. साडेआठशे नारळांतले तीनशे पंचाहत्तर विकले, उरले किती? चारशे पंचाहत्तर, पोरगी म्हणाली, गुरुजींचा प्रश्न संपता संपता. कसं काढलंस म्हटल्यावर ती घाबरली. मग हळूच सांगितलं, की साडेआठशे म्हणजे चौतीस कट्टे, त्यातले पंधरा गेले, एकोणीस उरले. कट्टा म्हणजे पंचवीस विड्यांची जुडी. आई वळायची आणि ही पाच वर्षांची असल्यापासून कट्टे बांधायची. तिच्या डोक्यात जगातली प्रत्येक वस्तू पंचवीस-पंचवीसनं बांधलेली होती. प्रणिताबाई हसल्या, गुरुजीही हसले, आणि मग गुरुजींचं हसू मावळलं.

कपाटात सहा वर्षांचे गठ्ठे होते. शाळा सुटल्यावर त्यांनी ते सोडले. रीत नाही म्हणून भोपळा, पण उत्तरं बरोबर, असे कागद ते बाजूला काढत गेले. अकरा झाले तेव्हा त्यांनी हात थांबवला. एका कागदावरचं नाव अक्काताई होतं. गेल्याच महिन्यात ती त्यांना कारखान्याच्या रस्त्याला दिसली होती, आईच्या मागून, डोक्यावर विड्यांची टोपली घेतलेली. तिनं वाकून नमस्कार केला होता आणि त्यांनी खुशीनं आशीर्वाद दिला होता. ते आठवून त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी गठ्ठा उघडाच ठेवून खिडकी लावून घेतली. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शीत बघायला लागतं.

शनिवारी गुरुजींनी एक नाही, नऊ अर्जांवर सह्या केल्या. प्रणिताबाईंनी शिक्के मारता मारता विचारलं, "सर, भिंतीचं काय?"

"भिंतीवर रंग हाय," गुरुजी म्हणाले. "पुसता येतोय."

म्हणायला सोपं होतं. त्या रात्री त्यांच्या बायकोला त्यांनी पट किती आणि किती राहील याचा हिशेब तीनदा ऐकवला.

मग तीन महिने शाळा सुटल्यावर तासभर नऊही पोरांची तयारी. निशाला त्यावर अर्धा तास जास्त. मालुबाई तिला न्यायला लवकर यायची आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची, पण कुंपणाबाहेर, कारण शाळा तंबाखूमुक्त असल्याचंही भिंतीवर लिहिलेलं होतं. ती नेमकी शंभर टक्क्यांच्या खाली बसायची. आत गुरुजी तिच्या पोरीला जीव तोडून शिकवत. काय शिकवत? रीत.

त्यांच्या मनात एक भीती बसली होती. आपण या पोरीवर चोरीचा संशय घेतला, उद्या दुसरा कुणी घेईल. उत्तर आणलंस कुठनं, असं कुणी विचारलं तर पोरीला हातात काहीतरी दाखवता आलं पाहिजे. म्हणून दिलेली संख्या, करायची क्रिया, हातचा, उत्तर, खाली रेघ. निशा आज्ञाधारक होती. सुरुवातीला ती आधी उत्तर लिहायची आणि मग त्याच्या वर रीत रचायची. गुरुजींनी तेही मोडून काढलं. जानेवारीपर्यंत तिची वही सौरवच्या वहीसारखी दिसू लागली, आणि गुरुजींनी ती चौघांना दाखवली.

फेब्रुवारीत निपाणीत परीक्षा झाली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निकाल प्रणिताबाईंच्या मोबाइलवर आला. नऊपैकी एक निवडला गेला होता. सौरव.

म्हणजे जुन्याच पद्धतीनं एकटा सौरव पाठवला असता तरी हेच झालं असतं, आणि भिंत जशीच्या तशी राहिली असती. हे गुरुजींच्या मनात पहिल्यांदा आलं, आणि ते आलं म्हणून त्यांना स्वतःचा राग आला. मग त्यांनी निशाचे गुण उघडायला सांगितले. प्रश्न शंभर. सोडवलेले एकसष्ट. बरोबर साठ. पुढचे एकोणचाळीस गोल कोरे. सौरव ब्याऐंशीवर लागला होता.

निशाला बोलावलं. ती नवा फ्रॉक घालून आली, कारण निकाल म्हणजे काहीतरी सण असावा असा तिचा समज. बाकीचे का सोडलेस, असं गुरुजींनी शक्य तेवढ्या मऊ आवाजात विचारलं.

"येळ संपला, गुरुजी. कागद वडून घेतला."

"अवघड होते व्हय गं?"

"न्हाय. मागच्या कोऱ्या पानावर सगळ्यांची रीत लिवत होते. पेन्शिलीची शिस पण मोडली मधी." मग तिला वाटलं गुरुजींना खात्री हवी आहे, म्हणून ती अभिमानानं म्हणाली, "एक बी गणित रीत लिवल्याबिगर सोडलं न्हाय मी."

प्रणिताबाई उठून बाहेर गेल्या. इतकी वर्षं त्यांनी तिच्यासारख्यांना न बघता टाकलं होतं. ही एक त्यांनी बघितली, हातात धरली, आणि स्वतःच्या हातानं बिघडवली. त्यांना रडू येत होतं, आणि रडलं तर पोरीला वाटेल आपण नापास झालो म्हणून गुरुजी रडतात, एवढ्यासाठी ते रडले नाहीत. त्यांनी तिला सांगितलं की तिनं सोडवलेल्या एकसष्टांतली साठ उत्तरं बरोबर आहेत आणि एवढी अचूक सौरवचीही नाहीत. ते खरं होतं. ती उड्या मारत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी बादलीत चुना कालवला आणि भिंत पुसली. वाळल्यावर निळ्या रंगात लिहिलं : 'प्रज्ञांकुर प्रवेश परीक्षा. बसले ९. निवड १.' आधीच्या सहा वर्षांचंही खाली लिहिलं : बसले ६, निवड ६, वर्गात एकूण मुलं ५३. ते वाचायलाही एकानं मोटरसायकल थांबवली, आणि जूनमध्ये त्याची मुलगी इथं यायची होती ती येणार का, हे न सांगताच तो गेला. मग हाताचा रंग तसाच घेऊन गुरुजी मालुबाईच्या दारात गेले.

ती उंबऱ्याशी सूप घेऊन बसली होती. शेजारी तिची धाकटी मुलगी कट्टे बांधत होती. गुरुजींना बसायला पाट आला. निकाल तिला कळला होता. नशीब म्हणायचं, दुसरं काय, असं ती म्हणायला लागली तेव्हा गुरुजींनी तिला थांबवलं.

"नशीब न्हाय, मालुबाई. मी चुकलो," ते म्हणाले, आणि रीत, कोरे गोल, मोडलेली शिस, सगळं त्यांनी सांगितलं. तिला कळावं म्हणून तिच्याच भाषेत सांगितलं, की पोरीचा हात चालत होता, मीच त्यो धरून ठेवला. माझ्यानं तिची जागा गेली.

मालुबाईचे हात थांबले. पानात भरलेली तंबाखू तशीच राहिली. ती रागावेल, निदान रडेल, अशी गुरुजींनी तयारी ठेवली होती, आणि तिचे डोळे भरलेही.

"वीस वर्सं आमी विड्या वळतोय," ती म्हणाली. "'माझी चूक झाली' असं सांगाय एक बी चेकर कधी दारात आला न्हाय."

तिनं ती विडी वळून पुरी केली, सुपात टाकली. मग कट्टे बांधणाऱ्या धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला.

"ही प्रियदर्शनी. दुसरीत हाय, तुमच्याच शाळंत. ही बी थोरलीवानीच हिशेब करत्या," ती म्हणाली. "हिला तेवढी रीत शिकवू नगासा, गुरुजी."

गुरुजी पाटावरून खाली उतरून त्या पोरीसमोर मांडी घालून बसले. तिच्यासमोर किती कट्टे आहेत आणि त्यांत एकूण विड्या किती, असं त्यांनी विचारलं. ती चटकन बोलली. कसं काढलंस, हे गुरुजींनी विचारलं नाही.