उरेब पायऱ्या

मार्च महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी ठीक आठ वाजता, घराच्या डाव्या अंगाच्या उतारावर निवृत्त शिंपी आणि गवंडी यांच्यात कडाक्याचे भांडण जुंपले.

उताराच्या तळाशी लिंबाचे झाड होते. ते शिंप्याच्या बायकोने लावलेले. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दोन वर्षे ती ते केवळ खिडकीतून पाहत होती. लिंबे शेजारीण आणून देई, आणि तिचे आभार मानून मानून बायको मेटाकुटीला आली होती. शिंप्याने एकदा म्हटले होते, की हात धरून खाली नेतो. त्यावर ती ताडकन म्हणाली होती, "हात धरून न्यायला मी काय पाहुणी आहे?"

तेव्हापासून शिंप्याने पायऱ्यांचा ध्यास घेतला. जाड वह्यांच्या चवडीवर बायकोला पाय ठेवायला लावून त्याने माप काढले: सहा इंच उंचीपर्यंत गुडघा कुरकुरत नाही. तळवा नीट टेकावा म्हणून रुंदी दहा इंच. मग उतारावर टेप अंथरली. पंधरा फूट भरले. अठरा पायऱ्या, हिशेब चोख!

गवंड्याने पाण्याच्या नळीने पातळी धरून आडवी दोरी ताणली आणि तो मटकन खाली बसून हसू लागला. उतारावरून नव्हे, तर आडवे मोजले तर अंतर बाराच फूट होते. ठरल्याप्रमाणे बांधले असते, तर शेवटच्या तीन-चार पायऱ्या लिंबाच्या बुंध्यातून आरपार गेल्या असत्या.

"दादा, जमीन म्हणजे काही पोट नव्हे, टेप गुंडाळायला."

शिंप्याच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. गवंड्याने दोन तोडगे सुचवले: झाड तोडावे, नाहीतर उताराची नऊ फूट उंची नऊ-नऊ इंच उंच अशा बाराच पायऱ्यांत बसवावी. नऊ इंच म्हणजे बायकोने पुन्हा खिडकीतच बसणे. आणि झाड तोडल्यावर तिने खाली उतरावे तरी कशासाठी? शिंपी तरातरा घरात गेला आणि पाठ फिरवून बसून राहिला. बायकोने खिडकीतून सगळे ऐकले होते. पण ती भाजी निवडत राहिली.

अर्ध्या तासाने तो खडू घेऊन बाहेर आला. सरळ कापडात जे बसत नाही, ते आम्ही उरेब, म्हणजे तिरके कापतो, असे त्याने गवंड्याला बजावले, आणि वरच्या कोपऱ्यातून झाडाच्या अलीकडे, उतारावर तिरकी दोरी ताणली. गवंड्याने पातळी धरून मोजले. पंधरा फूट.

"हे आधी का नाही सुचलं?" गवंड्याने विचारले.

"आधी चूक कुठे केली होती? चुकल्यावरच सुचतं."

नऊ दिवस दोघे वाद घालत राबले. कडेला दगड रचले, माती धरून ठेवणारे गवत लावले. दहाव्या दिवशी बायको पदर खोचून एकटीच उतरू लागली. मध्यावर ती थबकली, तसा शिंपी पुढे झेपावला. गवंड्याने त्याची बाही पकडली. ती नुसती झाड न्याहाळत होती. मग तळाशी जाऊन तिने चार लिंबे तोडली, बुंध्यावर थाप मारली आणि कोणाचाही आधार न घेता वर आली.

शिंपी श्वास रोखून उभा होता. चाळीस वर्षांत त्याने शिवलेला एकही कपडा तिने खोड काढल्याशिवाय अंगावर चढवला नव्हता.

तिने लिंबे त्याच्या ओंजळीत टाकली आणि म्हणाली, "माप बरोबर आहे."