आबाजींनी चिकटवलेली चार पाने

मित्रांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या मांडीवर एक गोष्टीचे पुस्तक आहे. वाचता वाचता तुम्ही अठ्ठेचाळिसाव्या पानावर येता आणि पुढचे पान नीट उलटतच नाही. बोट घालून पाहता, तर पुढची चार पाने एकमेकांना घट्ट चिकटलेली. आता खरे सांगा, तुम्ही पुस्तक मिटून ठेवाल, की ती पाने उजेडाकडे धरून आतले एखादे अक्षर दिसते का ते पाहाल?

मी ते पुस्तक आहे. माझे मुखपृष्ठ केव्हाच गेले, त्यामुळे नाव सांगायची सोय उरलेली नाही. १९९३ साली पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात जुन्याच गोष्टी होत्या, पण मोठ्या होऊ लागलेल्या मुलांसाठी नव्याने सांगितलेल्या. सांगणाऱ्याने राक्षसाची नखे कापली नव्हती आणि दुष्ट माणसांना शेवटच्या ओळीत घाईघाईने शहाणे केले नव्हते.

भिगवणला मला आबाजींनी आणले. आबाजी निवृत्त शिक्षक. बाजाराच्या मागे एका खोलीत ते वाचनालय चालवत. बाहेर मासळीचा लिलाव चाले आणि आत आम्ही दीड-दोनशे पुस्तके गप्प उभी असू. मुले आत येताना पायरीवर पाय पुसत, कारण आबाजी हातांच्या आधी पाय बघत.

माझ्यातली एक गोष्ट मुलांना फार ओढून घेई. एका गावाने तळे खणले, पण पाणी लागेना. मुलीचा बळी दिला तर पाणी येईल, असे कुणीतरी सांगितले. मग एका बापाने आपल्या लेकीला म्हटले, "तळ्याच्या मधोमध तुझा पैंजण पडला आहे, घेऊन ये." लेक उतरली. पाणी आले. आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला.

ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. त्यात मुलगी शेवटी देवी होते आणि गाव सुखी होते. माझ्यातली गोष्ट मात्र गावाकडे वळत नव्हती. ती त्या मुलीपाशीच थांबली होती.

बानूबाईंची नात रतन ती गोष्ट वाचून घरी गेली, आणि तिसऱ्या दिवशी बानूबाई वाचनालयाच्या दारात उभ्या राहिल्या.

"गुर्जी, ह्ये कसलं बुक दिलं पोरीला? तीन दिस झालं, हापशावर जाईना. म्हनती, आजी मला पान्याला का धाडती ते आधी सांग."

"मग सांगायचं ना," आबाजी म्हणाले.

"काय सांगू? पानी सरलंय म्हून धाडती. आन् तीन दिस म्या भरतीय, माजं वय बगा."

आबाजी हसले, पण त्यांना ते लागले. आयुष्यात त्यांनी पुस्तकाचे एक पान फाडले नव्हते. म्हणून त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि माझी चार पाने एकमेकांना चिकटवून टाकली. पुस्तक बांधणारे लोक खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. आबाजींना ते ठाऊक होते. पण मोरचूद विषारी, आणि मुले बोटाला थुंकी लावून पाने उलटतात, म्हणून त्यांनी तो घातला नाही. मग अठ्ठेचाळिसाव्या पानाखाली हिरव्या शाईने लिहिले, 'आणि तळ्याला पाणी आले. मुलगी सुखरूप बाहेर आली. सगळे आनंदाने राहू लागले.'

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी मागणी दुप्पट झाली. मला कुणी वाचेना, सगळे मला खिडकीपाशी नेऊन उन्हात धरत. हिरव्या ओळीवर एकाचाही विश्वास बसला नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. लहान मुलाला राक्षस मेला की झोप लागते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मात्र विचारायचे असते, की राक्षसाला घरात घेतले कुणी, आणि ते कुणाकुणाला माहीत होते. त्याला भीती वाटत नाही असे नाही. पण भीतीपेक्षा फसवले जाणे त्याला जास्त बोचते.

पुढे तीन पावसाळे गेले. मोरचूद नसलेली खळ कसरीला गोड लागली. तिने ती हळूहळू खाल्ली, आणि १९९७ च्या जानेवारीत माझी पाने आपोआप सुटली. जाता जाता कसरीने कागदही कुरतडला होता. पाणी मुलीच्या गळ्याशी आले, इथपर्यंत अक्षरे शाबूत होती. पुढच्या चार ओळींच्या जागी छिद्रे होती.

ती छिद्रे पहिल्यांदा पाहिली नववीतल्या करुणाने. तिचे वडील वायरमन. ती त्यांना अप्पा म्हणे. तिच्या शेजारी तिची मैत्रीण शमा बसली होती. शमाच्या अब्बांचे सायकलदुकान होते.

"पवली आसंल ती," शमा म्हणाली.

"पवायला कवा शिकली?"

"पानी गळ्याला आल्यावर शिकतंय मानूस. माजा भाऊ तसाच शिकला."

"त्याला तर तुज्या अब्बांनी काढला."

"मंग हिच्याबी बापानं काढलं म्हन, आन् चल घरी. भूक लागली मला."

करुणा उठली नाही. तिची आई, तुळसा, दिवाळीपासून घरी नव्हती. पुण्याला आत्याकडे हवापालटाला गेली आहे, असे अप्पांनी सांगितले होते. विचारले की ते म्हणत, "बरी हाय. येतीय आता." पण मागच्या आठवड्यात पुण्याहून येताना त्यांनी आईची फणी परत आणली होती. "तितं नको म्हनली," एवढेच बोलून त्यांनी ती फळीवर ठेवली. हवापालटाला गेलेल्या बाईला फणी का नको असेल, हे करुणाला कुणाला विचारता येत नव्हते.

तिने पेन्सिल घेतली आणि छिद्रांच्या कडेला लिहिले, 'मुलीने काठावरच्या बापाला विचारले, तुम्हांला ठाऊक होते का?'

दुसऱ्या दिवशी आबाजींनी ते पाहिले. सुटलेली पाने त्यांनी बोटाने चाचपली. रागावले नाहीत.

"कुणी लिहिलं?"

"म्या, गुर्जी."

"मग बाप काय म्हणाला?"

"म्हाईत न्हाय."

आबाजींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. गाव लहान आहे. मला वाटते, त्यांना करुणाच्या घरचे सगळे ठाऊक असावे. "माहीत नाही ते लिहू नये," ते म्हणाले. "विचारून ये. पुस्तक ने बरोबर, आणि घाई नाही परत करायची."

संध्याकाळी अप्पा ओट्यावर बसून पक्कड पुसत होते. मी करुणाच्या हातात होतो. तिचा अंगठा माझ्या कडेवर रुतला होता.

"अप्पा, आई हवापालटाला न्हाय ना गेली?"

पक्कड पुसणे थांबले.

"क्याप्सुला चालू हायत," अप्पा म्हणाले. "बरी..."

"बरी हाय म्हनू नका. केसं गेली ना तिची?"

अप्पांनी खाली पाहिले. विजेच्या खांबावर चढून कधी न घाबरलेला तो माणूस ओट्यावर बसल्या बसल्या घाबरला.

"व्हय," ते शेवटी म्हणाले. "दवाखान्यात हाय. डाक्टर म्हनत्यात, उन्हाळ्यापातूर बगू. तुजी परीक्षा हू दे, मंग सांगायचं हुतं."

"तुमाला पयल्यापास्नं ठावं हुतं?"

"ठावं हुतं, बाय. तुला सांगायला जीभ उचलंना."

करुणा रडली. अप्पाही रडले. नंतर ती म्हणाली, "मला न्या तिच्याकडं."

"तुला बगवायचं न्हाय."

"न बगता मला लई वंगाळ दिसतंय, अप्पा."

मित्रांनो, पुस्तकांना जपा. ओलीपासून, उन्हापासून, कसरीपासून जपा. पण पुस्तक जपणे म्हणजे त्याची पाने चिकटवणे नव्हे, हे आबाजींसारख्या मायाळू माणसालाही उशिरा कळले. चिकटवलेल्या पानापलीकडे जे असते ते मुलाने आधीच ओळखलेले असते. फक्त तिथे ते मूल एकटे बसलेले असते.

रविवारी भिगवण स्टेशनावरून आम्ही पुण्याच्या गाडीत बसलो. दवाखान्यात तुळसा भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल.

"बगत काय ऱ्हातीस? तेलाचा खर्च वाचला," ती म्हणाली आणि लेकीला जवळ ओढले. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. "गुर्जींचं बुक आनलंस व्हय? वाच मंग. हितं समदी नुसती ताप किती ते बोलत्यात."

"कंची वाचू?"

"कंचीबी."

मी आपोआप तळ्याच्या गोष्टीपाशी उघडलो. तीच पाने सर्वांत जास्त हाताळलेली. करुणा वाचू लागली. पाणी घोट्याला आले, गुडघ्याला आले, कमरेला आले. अठ्ठेचाळिसावे पान संपत आले तेव्हा ती थांबली. पानाखाली हिरवी ओळ होती. ती वाचून मला मिटणे किती सोपे होते. खिडकीपाशी उभे असलेले अप्पा मान हलवून तिला तेच सुचवत होते. ती ओळ आबाजींनी का लिहिली असेल, हे त्या क्षणी करुणाला पुरते कळले असावे.

"थांबलीस का?" तुळसाने विचारले. "ही गोष्ट मला म्हाईत हाय. पोरगी देवी हुती आन् समदी सुखात ऱ्हात्यात."

"ह्यातली तशी न्हाय, आई."

तुळसाने लेकीकडे पाहिले. मग रुमाल सारखा केला आणि उशीला नीट टेकली.

"मंग जशी हाय तशी वाच," ती म्हणाली.

करुणाने हिरवी ओळ सोडली, पान उलटले, आणि आईचा हात आपल्या हातात घेऊन पुढे वाचायला सुरुवात केली.