माझ्या पोटात एकदा हात घालून बघा

मी पोतं बोलतोय. धान्याचं नाही, सिमेंटचंही नाही. बाण झेलणारं पोतं. तुम्ही म्हणाल, पोत्याला कुठलं आलंय तोंड? खरंय. जे होतं ते मला घडवणाऱ्या अण्णांनी दुहेरी टाक्यानं शिवून टाकलं होतं. त्या टाक्यांपायी मी ऐन वेळी ओरडू शकलो नाही, आणि ते आजही मला डाचतंय.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानातला. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, आणि दोन्हींना जोडणारी एक लांबलचक अरुंद बोळकांडी. शिंप्याची बायको एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला जायची. तिचा हात इतका हलका की लोक तिच्याच रांगेत उभे राहायचे. हा हात मुळात धनुष्याचा होता. विसाव्या वर्षी ती तिरंदाजीच्या संघातून खेळली होती. मग वडील अंथरुणाला खिळले, नोकरी आली, लग्न झालं, आणि धनुष्य कपाटावर गेलं. एक्केचाळिसाव्या वर्षी तिनं ते खाली काढलं तेव्हा शिंपी म्हणाला, "अगं, काढलंयस तर आता पुसून पुन्हा वर ठेवू नकोस."

वर्षभर ती मैदानावर जात राहिली. संघाची निवड दीड महिन्यावर आली, आणि नेमकं तेव्हाच डागडुजीसाठी मैदान बंद झालं. "घरी कर सराव," तिचे सर म्हणाले. "पण घर म्हणजे मैदान नव्हे. बाण भिंत ओळखत नाही आणि माणूसही ओळखत नाही."

मग मला घडवायचं ठरलं. अण्णा म्हणजे शिंप्याचे वडील. आयुष्यभर त्यांनी कोट शिवले, आता म्हातारपणी मुलाच्या दुकानात काज-बटणं करायचे. जाड ताडपत्री त्यांनी स्वतः बेतली. शिंप्यानं दुकानातली कातरणं, जुने पडदे, फाटक्या पँटी आणून टाकल्या. सुनेनं एकेक कपडा चाचपून बटणं आणि चेन काढून टाकल्या; धातूवर बाण आपटला की तो कुठेही उसळतो, म्हणाली. मग तिघांनी मिळून मला असं काही ठासलं की मी बसल्या जागी घाम गाळला असता. अण्णांनी शेवटचा टाका घातला आणि माझ्या पोटावर थाप मारली. "सूनबाई, यातून आता वारासुद्धा जायचा नाही."

बोळकांडीच्या टोकाला मला टांगलं. माझ्या मागे जाड कांबळं, कांबळ्यामागे प्लायवुडचा दरवाजा, आणि त्या दरवाज्यामागे अण्णांची खोली. जागा दुसरी नव्हतीच; मागचं अंगण तेव्हा अडगळीनं भरलेलं होतं. म्हणून तिनं नियम केले आणि ते अगदी हट्टानं पाळले. अण्णांना कानातलं यंत्र लावूनही धड ऐकू येत नसे, तेव्हा हाक मारण्यात अर्थ नव्हता. ती सराव करी तोवर अण्णांनी दुकानात, तिच्या डोळ्यांसमोर बसायचं. अण्णांच्या खोलीला गल्लीकडे उघडणारं दुसरं दार होतं. त्याला आतून कडी. बाण लावण्याआधी ती स्वतः जाऊन कडी ओढून बघायची. बारा पावलं मागे यायची. सगळे बाण मारून धनुष्य खाली ठेवल्याशिवाय माझ्याकडे कुणी फिरकायचं नाही. आणि दर रविवारी मला उसवायचं, आतल्या चिंध्या हलवायच्या, पुन्हा ठासायचं.

हा रविवारचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा होता. का, ते मलाच ठाऊक.

सुरुवातीला तिचे बाण माझ्या अंगभर लागत. एक खांद्यात, एक कमरेत. मला बरं वाटायचं. मार सगळीकडे वाटला जायचा. पण पंधरवड्यात जुना हात परत आला. बाण मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे सरकू लागले. मग ठिपक्यात. मग ठिपक्यातही एकाच भोकात. ती खूश, शिंपी खूश, दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मान वळवून बघायचं. आणि मी? तिचा नेम जितका सुधारत गेला, तितका मी आतून पोकळ होत गेलो. चिंध्यांचा भुगा होऊन तळाशी साचत होता आणि बरोबर मधोमध बोगदा पडत होता. बाहेरून बघाल तर मी तसाच गुबगुबीत.

तिसऱ्या रविवारी शिंप्यानं विचारलं, "पोतं उसवायचं ना आज?"

"आज नको रे. उसवा, भरा, शिवा, यात दिवस जातो. वीसच दिवस उरलेत."

"पण तूच म्हणाली होतीस..."

"पुढच्या रविवारी. नक्की."

पुढच्या रविवारीही तिनं दीडशे बाण मारले. बाण काढायला ती माझ्याजवळ आली तेव्हा मी जीव तोडून सांगत होतो, बाई गं, बघ, बाण किती सहज निघतोय! पूर्वी पाय रोवून दोन्ही हातांनी ओढायचीस, आता दोन बोटांनी निघतो. थांब जरा, बोट घाल आत! पण तिचं लक्ष पिवळ्या ठिपक्यावरच्या भोकांकडे होतं. ती भोकं मोजून हसली आणि मागे वळली. मी काय करणार? लटकत राहिलो.

तो गुरुवार होता, दुपारची वेळ. अण्णा केस कापायला गेले होते. गल्लीचं दार कडी लावून बंद केलं आणि ते चुकून तिकडून आले, तर उन्हात उभे राहतील, म्हणून तिनं त्या दिवशी कडी लावली नाही. तरी अण्णा एरवीसारखे पुढच्या दारानंच येतील, असं ती धरून चालली. शिंपी मापं घ्यायला बाहेर गेला होता.

पाच बाण झाले. सहाव्याला तिनं दोरी ओढली तेव्हा माझ्या मागे मला चाहूल लागली. गल्लीचं दार उघडलं होतं. चपला निघाल्या. अण्णा दरवाज्याशी आले. केस लागलेला सदरा काढून त्यांनी तो दरवाज्यावरच्या खुंटीला अडकवायला हात उचलला. मला सगळं कळत होतं. पुढे ती, मागे ते, आणि मध्ये मी, नुसतं कातडं उरलेला. सोडू नकोस! सोडू नकोस!

तिनं बाण सोडला.

तो माझ्यात शिरला आणि मला काही लागलंच नाही. यापेक्षा भयंकर काय सांगू? आयुष्यात पहिल्यांदा बाण मला न दुखवता गेला. कांबळं फाटलं, प्लायवुड तडकलं, आणि पलीकडून अण्णांचा आवाज आला, "आई गं!"

ती धावली. दरवाजा उघडेना, कारण बाणानं अण्णांचा डावा हात कोपराखाली फळीशी जखडला होता. मग ती रस्त्यावरून वळसा घालून गल्लीतून आत गेली. मी फक्त आवाज ऐकत होतो.

"अण्णा, हलू नका. ओढू नका तो. मी आहे."

"ओढून टाक गं पटकन!"

"नाही ओढायचा! रक्त थांबायचं नाही मग. माझ्याकडे बघा. माझ्याकडे."

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. शेजारच्या सुतारानं बाण दोन्ही बाजूंनी कापला, मधला तुकडा हातात तसाच ठेवून अण्णांना दवाखान्यात नेलं. सगळे गेल्यावर घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तेव्हा मला वाटलं, आता मला जाळून टाकावं.

अण्णा वाचले. पण डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. त्या बोटांनी आता बटण धरता येत नाही.

निवडीच्या दिवशी ती गेली नाही. बोळकांडीत फरशीवर बसून तिनं मला उसवलं. चिंध्या काढण्याआधी तिनं माझ्या भोकात मूठ घातली. मूठ गेली, मनगट गेलं, कोपरापर्यंत हात आत गेला. तशीच, माझ्या पोटात हात ठेवून, ती रडली. दवाखान्यात आठ दिवस जे अडवून धरलं होतं ते सगळं.

अण्णा गळ्यात हात अडकवून समोर येऊन बसले.

"चूक झाली तुझी," ते म्हणाले. "झाली नाही असं मी म्हणणार नाही. मलाही गल्लीतून यायला नको होतं. पण एक सांग, एवढं भोक कसं पडलं?"

"सगळे बाण एकाच जागी लागले, अण्णा."

"तेच म्हणतोय मी. असा नेम असणाऱ्यानं धनुष्य पुन्हा वर ठेवायचं नसतं," अण्णा म्हणाले, आणि चांगल्या हातानं चिंध्या गोळा करू लागले.

त्यांनी मला पुन्हा भरायला लावलं. टाके शिंप्यानं घातले. अण्णांना डाव्या हातानं कापड धरवेना. आता मी अडगळ काढून मोकळ्या केलेल्या मागच्या अंगणात दगडी भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या मागे दार नाही, खिडकी नाही, माणूस नाही. मैदानही कधीच सुरू झालंय, पण ती तिकडे जात नाही. चार महिने झाले, माझ्या अंगावर एकही बाण नाही.

तुम्हाला कुणाला घरी नेमबाजी करायची असेल तर हात जोडून सांगतो, आधी माझ्यासारख्याच्या पोटात हात घालून बघा. पिवळा ठिपका तुम्हाला फक्त तुमचं कौतुक सांगेल. आणि कडी ओढून बघा, कुणी बाहेर उभं राहणार असलं तरी.

पण माझं खरं मागणं तिच्याकडे आहे. रोज संध्याकाळी अण्णा अंगणात खुर्ची टाकतात, तिच्या डोळ्यांसमोर, आणि विचारतात, "आज?"

"आज नको, अण्णा."

काल ती माझ्याजवळ आली. मधोमध बोट दाबून पाहिलं. बोट आत जाईना. ती तशीच उभी राहिली, मग आत निघून गेली. बाई, मी ठासून भरलेला आहे. मला मार. घाई नाही असं म्हणालो असतो, पण जमिनीच्या ओलीनं माझ्या तळाच्या चिंध्या कुजायला लागल्या आहेत.