उंबरठा मंडळाचे अध्यक्ष

उंबरठा हा खेळ दोन बहिणींनी कांजिण्यांत शोधून काढला. दोघींना एकाच खोलीत कोंडलेलं, खाजवायचं नाही अशी आईची सक्त ताकीद, आणि करमणूक म्हणून छताकडे बघायचं. मग थोरलीने खोलीतल्या एका वस्तूचं नाव घ्यायचं, धाकटीने दुसरीचं, आणि कंटाळा आला की जी आधी सुतकी चेहऱ्याने 'उंबरठा' म्हणेल ती जिंकली. नियम एकही नव्हता. तीच गंमत होती. मोठं माणूस खोलीत डोकावलं की मात्र दोघी भराभर नियम तयार करायच्या. खिडकीनंतर उशी म्हणता येत नाही, कारण उशीचं तोंड भिंतीकडे आहे. कंगव्याला दोनदा विचारावं लागतं. समोरचा माणूस मान डोलावून "असं होय" म्हणाला, की तो बाहेर पडेपर्यंत दोघी पांघरुणात तोंड खुपसून बसत.

थोरलीचं लग्न झाल्यावर हीच टोपी त्यांनी नव्या भावोजींना घालून पाहिली. भावोजी कॉलेजात उपप्राचार्य होते. त्यांनी नियम शांतपणे ऐकले, एकदोन शंका विचारल्या आणि मान डोलावली. प्रकरण तिथेच संपायला हवं होतं. पण काही माणसांना विनोद सांगितला की ती त्याचा अभ्यासक्रम करतात.

धाकटीला हे कळलं नाही, कारण ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघून गेली. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. छातीचे, गुडघ्याचे, मणक्याचे, कवटीचे. दिवसभर माणसांना मशीनसमोर उभं करायचं आणि 'श्वास घ्या, रोखा, सोडा' हे सांगायचं. पुष्कळ वर्षांनी तिची बदली थोरलीच्या शहरात झाली आणि भाड्याची खोली मिळेपर्यंत ती तिच्याकडे उतरली.

पहिल्याच रविवारी दुपारी हॉलमधलं टेबल भिंतीला सरकवून खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. खालच्या गॅरेजमधल्या हवेच्या पंपाचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी लावली गेली. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या, हातवाल्या खुर्चीत बसले. ते निवृत्त झाले होते. कॉलेजातून, बोलण्यातून नव्हे. मग एक विमा एजंट आला, पाठोपाठ एक दंतवैद्य. एजंट 'सर, सर' करत आला आणि तसाच बसला. दंतवैद्यापुढे आठवडाभर माणसं आ वासून बसत. रविवारी त्यालाही तसं बसायला बरं वाटत असावं.

हे उंबरठा मंडळ होतं. अध्यक्ष अर्थात भावोजी.

त्यांनी धाकटीला खेळ समजावून सांगितला. तिनेच शोधलेला खेळ. तुम्ही दोघी लहानपणी खेळायचात ते त्याचं रांगतं रूप, असं ते म्हणाले. त्याला उभं करायला आपल्याला बरीच वर्षं लागली. आता त्यात सरळ डाव आणि कलता डाव असे भेद होते. आडवी हरकत होती, बैठी हरकत होती. लाकडी वस्तूवर लोखंडी वस्तू म्हटली की एक फेरी मौन पाळायचं. एजंट प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, जणू त्याच्या पॉलिसीतल्या बारीक अक्षरांबद्दल चाललंय.

"ताई नाही खेळत?" धाकटीने विचारलं.

ताईवर आजन्म बंदी आहे, असं भावोजींनी सांगितलं. गांभीर्यभंग. मंडळ सुरू झालं त्याच वर्षी ती भर डावात हसली, समज दिल्यावर पुन्हा हसली. नाइलाज झाला. एजंटाने खेदाने मान हलवली. त्याच वेळी ताई ट्रे घेऊन आली, तिने सगळ्यांना चहा दिला, रिकामा ट्रे पोटाशी धरला आणि आत गेली. गेली कित्येक वर्षं तिचे रविवार असेच चालले होते.

धाकटी पाणी पिण्याच्या निमित्ताने तिच्यामागे गेली. तुझ्याच खेळातून तुला हाकललं आणि तू यांना चहा पाजतेस, असं तिने थेट विचारलं. ताई कप विसळत होती. नोकरी सुटल्यापासून त्यांना तेवढाच विरंगुळा आहे, ती म्हणाली, आणि तसंही मला हसायचा कंटाळा आला होता. धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. कांजिण्यांत हसून हसून अंगावरचे फोड फोडून घेतलेली ही बाई होती.

पहिल्याच डावात धाकटी बाद झाली. ती 'पडदा' म्हणाली, आणि नवख्याने दुसऱ्याच खेपेला कापडी वस्तू घेतली म्हणून दंतवैद्याने आडवी हरकत घेतली. भावोजींनी ती मान्य केली आणि धाकटीला चपलांच्या कपाटाशी उभं राहायला सांगितलं. तिथून तिने तिघांकडे पाहिलं. तीन मोठी, शिकलेली, टक्कल पडलेली माणसं एकमेकांना 'बिजागरी' आणि 'फुलदाणी' असं म्हणत होती आणि प्रत्येक शब्दानंतर श्वास रोखून बसत होती. तिने काढलेल्या एक्स-रेमधल्या कवट्यासुद्धा याहून हसऱ्या असत.

दुसऱ्या डावात तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "पायपुसणं. मागच्या पायाने."

एजंटाने दंतवैद्याकडे पाहिलं, दंतवैद्याने अध्यक्षांकडे. भावोजींनी डोळे मिटले.

"मागच्या पायाने," ते म्हणाले. "हं. जुनी चाल आहे. हल्ली कोणी खेळत नाही."

धाकटीला सगळं कळून चुकलं. हा माणूस जीव गेला तरी 'मला माहीत नाही' म्हणणार नव्हता, आणि बाकीचे दोघे तो करेल ते करणार होते. मग तिने सवयीने चेहरा कोरा केला, रोग्याला श्वास रोखायला सांगताना करायची तसा, आणि मागच्या पायाच्या चालीनंतर कपबशी उघडी पडते ना, असं विचारलं. पडतेच, असं दंतवैद्य ठामपणे म्हणाला. मला वाटलंच होतं, एजंट म्हणाला.

"आमच्याकडे कपबशी उघडी पडली की अध्यक्ष उठतात," धाकटी म्हणाली. "तुमच्याकडे तेवढं कडक नसेल तर बसा तुम्ही, भावोजी. माझं काही म्हणणं नाही."

कडक नसेल हे शब्द भावोजींना झोंबले. आमच्याकडेही उठतातच, असं म्हणत ते उठले. मग धाकटीने पुढचा नियम सांगितला. उठलेले अध्यक्ष स्वयंपाकघरात जातात, चहा करतात आणि डाव संपेपर्यंत आतच थांबतात. त्यांची खुर्ची आजन्म बंदी असलेल्याकडे जाते, कारण त्याच्यावर आणखी बंदी घालता येत नाही, म्हणून तोच निःपक्षपाती.

भावोजी हातवाल्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. नाही म्हणावं तर आपल्याला हा नियम ठाऊक नव्हता हे उघड होणार. हो म्हणावं तर चहा.

"तर्कशुद्ध आहे, सर," एजंट म्हणाला.

भावोजी शर्ट खाली ओढून आत गेले. दारात ताई होती. त्यांनी तिला वाट दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या. बसा." लग्नानंतर त्यांनी तिला अहोजाहो केलं ते बहुधा पहिल्यांदाच.

ताई पदराला हात पुसत खुर्चीत बसली. आधी अगदी कडेला, मग हळूहळू मागे रेलून. आतून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. थोड्या वेळाने भावोजींनी विचारलं, अगं, साखर कुठे असते.

ताईने समोर पाहिलं. तिचा चेहरा दगडासारखा होता.

"आतून आलेला प्रश्न ग्राह्य नाही," ती म्हणाली.

दंतवैद्याने मान डोलावली. ते पाहून ताईचा खालचा ओठ थरथरला, मग हनुवटी, आणि मग ती हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीचे दोन्ही हात धरून. एजंट गांभीर्याबद्दल काही बोलू लागला, तेव्हा अध्यक्षांना हसता येतं, तो त्यांचाच अधिकार आहे, असं धाकटीने त्याला सांगितलं. दंतवैद्याने चाचरत विचारलं की सभासदांनाही परवानगी आहे का. त्याला बिचाऱ्याला मिळाली. पण सवय नसल्यामुळे त्याला ते नीट जमलं नाही.

ताईने डाव संपवलाच नाही. गाळणं, चिमटा, सांडशी, तवा अशी ती एकेक वस्तू घेत राहिली, आणि प्रत्येक वस्तूला धाकटी आणि दोघे सभासद गंभीरपणे उत्तर देत राहिले. शेवटी भावोजीच न बोलावता बाहेर आले. कपांत चहा कमी आणि बशांत जास्त होता. त्यांना आत उभ्या उभ्या एक आठवलं होतं. मागच्या पायाची चाल फक्त थंडीत चालते, तेव्हा हा डाव रद्द.

ताईने डोळे पुसले.

"नाही हो असा नियम," ती म्हणाली. "एकसुद्धा नियम नाही. आम्हाला कांजिण्या झाल्या होत्या, वेळ जात नव्हता. तुम्हाला सांगितलं ती थट्टा होती. तुम्हाला ती आजवर कळली नाही."

एजंट कपात बघू लागला. दंतवैद्यानेही तेच केलं. भावोजींनी ट्रे टेबलावर ठेवला आणि ते म्हणाले की तुम्हा दोघींना या खेळाचा आत्माच समजलेला नाही. दोन्ही सभासदांनी सुटकेचा श्वास सोडला. सरांनी सांगितलं म्हणजे आता तसंच होतं.

पुढच्या रविवारपासून मंडळ दंतवैद्याच्या दवाखान्यात भरू लागलं. रविवारी दवाखाना बंद असतो, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला ठोकलेल्या खुर्च्या आहेत, त्यामुळे कोणाला उठवून कोणाला बसवायचा प्रश्न येत नाही. अध्यक्षांच्या नातेवाइकांना प्रवेश नाही असा नवा नियम एकमताने झाला. चहा कोपऱ्यावरून मागवतात.

धाकटीला दोन गल्ल्या पलीकडे खोली मिळाली. रविवारी दुपारी ताई तिच्याकडे येते, चटईवर आडवी होते आणि बहुतेक वेळ झोपते. एकदा धाकटीने तिला विचारलं की हे त्यांना पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंस. एवढे रविवार वाचले असते.

ताईने कूस बदलली.

"सांगितलं असतं तर दुसरं काहीतरी शोधलं असतं त्यांनी," ती म्हणाली. "गाणं शिकले असते. घरीच."