भूपाचा वादी

रोह्याच्या भजनस्पर्धेचं पत्रक आलं आणि कासूच्या हैबतरावांची पेटी धोक्यात आली. त्र्याण्णव साली आयोजकांना काय सुचलं कुणास ठाऊक, पेटीवाल्याकडे संगीताच्या पहिल्या परीक्षेचं प्रमाणपत्र हवं म्हणे. गावात ते फक्त पोलीसपाटलाच्या सुनेकडे, मृणालीकडे होतं. भजनमंडळाने प्रेमाने सुचवलं, "काका, तुमी आता टाळ घ्या." हैबतरावांना हे कंपनीच्या मॅनेजरला गेटवर उभं करण्यासारखं वाटलं. ते परीक्षेला बसले.

परीक्षा पेणच्या एका शाळेत होती. नेमकी त्याच दिवशी त्यांची पेणच्या कोर्टातही तारीख होती, त्यामुळे एका तिकिटात दोन कामं. दावा शेताच्या बांधावरून, शेजारच्या गुणाजीविरुद्ध. गुणाजी मंडळातला पखवाजवाला. दावा लागल्यापासून दोघं बोलत नव्हते. नुसते वाजवत होते.

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा सारखा केला. "भूप रागाचा वादी कोण?"

हैबतराव सावरून बसले. दावा पुण्यापर्यंत गाजलाय तर. "वादी मी."

"तुम्ही?"

"व्हय. प्रतिवादी गुणाजी."

"अहो, वादी म्हणजे रागातला मुख्य स्वर. भूपात तो ग."

"ग?" हैबतरावांचा आवाज तार सप्तकात गेला. "ग म्हंजे गुणाजीच की! तो कदी झाला वादी? दावा मी लावलाय!"

"बरं, संवादी?"

"संवाद बंद हाय, बाई."

"वर्ज्य काय?"

"त्याच्या घरचा चाय."

बाईंनी प्रश्नांचा कागद उलटा ठेवला. "तोंडी राहू दे. भूप वाजवून दाखवा, त्यावर ठरवू. आमचा तबलजी जेवायला गेला तो गेला. ठेक्याला तुमचा माणूस आणा, नाहीतर नापास."

पेणमध्ये त्या घटकेला हैबतरावांच्या ओळखीचा ठेकेवाला एकच होता, आणि तो कोर्टाच्या व्हरांड्यात वडापाव खात होता. हैबतराव त्याच्यासमोर उभे राहिले. खाकरले.

"पुकारा झाला?"

"नाय अजून," गुणाजी बोलून गेला आणि स्वतःवरच चिडला.

"तबला वाजवशील? परीक्षा हाय. नायतर माजी पेटी जाते."

"तुज्यासाटी? मी?"

"बाई म्हनतात, भूपाचा वादी ग हाय. म्हंजे तू."

गुणाजीचा घास थांबला. "कोन बाई?"

"पुण्याच्या."

"बघ, शिकलेल्या मानसाला कलतं. आमचा वकील मला आजून प्रतिवादीच म्हनतो." वडापाव कागदात गुंडाळून तो निघाला.

भूप सुरू झाला. दोघं समेवर असे येऊन आदळले की बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पुरे." कोणीच थांबेना. आधी थांबेल तो हरला, असं दोघांनीही मनाशी धरलं होतं. बाहेर खोळंबलेली पोरं पायरीवर बसून डबे खाऊ लागली. शेवटी बाईंनी पेटीचा भाता धरून ठेवला आणि म्हणाल्या, "पास! पास! आता जा."

कोर्टात पोचेस्तोवर पुकारा होऊन गेला होता. दोन्ही पक्ष गैरहजर, वकीलही दुसऱ्या कोर्टात अडकलेले, म्हणून दावा काढून टाकलेला. हैबतरावांचा वकील कपाळाला हात लावून बसला होता. "अर्ज केलात तर पुन्हा लावता येईल," तो म्हणाला.

हैबतरावांनी गुणाजीकडे पाहिलं. "लावू?"

"लाव की," गुणाजीने वडापावचा कागद पुन्हा उलगडला. "पन रोहा होऊ दे. त्याच्या आदी लावलास, तर मी समेवर येनार नाय."